पाळी, पोळी आणि काकांचा फॉरवर्ड

मावशीचं सदाशिव पेठेत पोळीभाजी केंद्र आहे. कामाला सहा बायका, ओट्यावर चार तवे, सकाळी सातपासून धडधड. परवा तिने मला एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "हे खरं आहे का रे? काकांनी पाठवलंय." काका म्हणजे नऊ वर्षं डबा घेणारं गिऱ्हाईक. त्यांनी मेसेजला आपली एक ओळही जोडली होती: "ताई, गैरसमज नको, पण तुमच्याकडे हे पाळतात ना?"

मेसेजचं शीर्षक, 'सरकारचा नवा नियम, सर्वांपर्यंत पोचवा'. खाली पाच फर्मानं. पोळीला उघडा हात लावणं बेकायदा, हातमोजे सक्तीचे. साबणापेक्षा सॅनिटायझर बरा. बांगड्या, अंगठ्या, नेलपॉलिश बंद. वाढणारा नीटनेटका आणि तंदुरुस्त दिसला तरच खा. आणि पाचवं: पाळीच्या चार दिवसांत बायकांना स्वयंपाकाला लावू नका, 'शरीरातून विषारी उष्णता बाहेर पडते, म्हणून तर लोणचं नासतं'.

मी शेवटापासून सुरू करतो, कारण पहिली चार कलमं ही या पाचव्याला सभ्य दिसण्यासाठी घातलेले कपडे आहेत.

नियम नवा नाही. अन्नसुरक्षेचा कायदा 2006चा, त्याखालचे परवाना आणि नोंदणीचे विनियम 2011चे. खाद्यपदार्थ हाताळणाऱ्यांनी कसं राहावं हे त्यातल्या अनुसूची 4 मध्ये आहे. मी ती बसून वाचली. काम सुरू करताना, कच्चा माल हाताळल्यावर, शौचालयातून आल्यावर साबणाने हात धुवा. नखं कापा. थुंकू नका, तंबाखू चघळू नका, नाक-दाढी खाजवू नका. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉइडसारख्या आजारांची लस. अन्नातून पसरेल असा आजार असलेल्याला आत घेऊ नका. पाळीचा शब्दही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या कोडेक्समध्ये, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, तर मालकाला कळवायच्या तक्रारींची यादीच आहे: कावीळ, जुलाब, उलटी, ताप, तापासह घसादुखी, पिकलेलं गळू किंवा जखम, कान-डोळे-नाकातून येणारा स्राव. पाळी तिथेही नाही, कारण तो आजार नाही आणि ती हातातून पाझरत नाही. पॅड बदलल्यावर हात धुवायचे, हे खरं. पण शौचालयातून आल्यावर ते काकांनीही धुवायचे असतात.

'विषा'ची गोष्टही सांगून टाकतो. 1920 साली व्हिएन्नातल्या बेला शिक या डॉक्टरने लिहिलं की पाळी आलेल्या मोलकरणीने हातात घेतलेली फुलं कोमेजली, म्हणजे तिच्या अंगातून विष येत असणार. माणूस साधा नव्हता, घटसर्पाची शिक चाचणी त्याचीच. त्यामुळे 'मेनोटॉक्सिन' नावाचं हे विष पुढे कित्येक वर्षं शोधलं गेलं. ते टिकलं नाही. आपल्याकडे कावळा शिवण्याला शास्त्र चिकटवणारे मात्र अजून त्याच फुलांवर जगतायत. आणि लोणचं? ओला चमचा घाला, तेलाचा थर कमी ठेवा, मीठ हात आखडून टाका, ब्रह्मचाऱ्याच्या हातचंही बुरशी धरेल.

आता हिशोब करा. महिन्याला चार दिवस घरी म्हणजे वर्षाला 48 दिवसांची मजुरी. या बायका रोजावर आहेत. ती मजुरी काका देणार? आणि रोज सकाळी दारात उभं राहून "तुझी अडचण आहे का गं?" विचारायचं कुणी? बरं, एकदा का हे विचारणं सुरू झालं की पुढच्या वेळी कामावर घेताना मालक चाळिशीच्या आतली बाई टाळणार, हे सांगायला ज्योतिषी नको. स्वच्छतेचीच काळजी असेल तर आधी हे विचारा, की खानावळीत काम करणाऱ्या बाईला शौचालय कुठे आहे, तिथे पाणी आणि साबण आहे का, आणि जुलाब लागलेल्या दिवशी ती रोज न बुडता घरी राहू शकते का. तसा फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.

हातमोजे. अनुसूचीत त्यांचा उल्लेख आहे, कबूल. मालकाने ते पुरवायचे आहेत. पण पुढे कामावर रोज काय घातलेलं असावं ते सांगताना स्वच्छ कपडे, डोक्याला आवरण आणि पादत्राणं एवढंच येतं. तयार खाण्याला उघडा हात नको, असं अमेरिकेचा फूड कोड म्हणतो, पण मोजे चढवण्याआधी हात धुवा असंही तोच म्हणतो. तिथल्याच सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहणीत मोजे घातलेले कामगार हात कमी वेळा धुताना दिसले. साहजिक आहे, मळलेला हात चिकचिकतो म्हणून धुवावासा वाटतो, मळलेला मोजा आतून कोरडाच असतो. त्याच मोज्याने पैसे घ्यायचे आणि त्यानेच पोळी उचलायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय मोजे घालून तव्यावरची पोळी उलटून दाखवा एकदा. हाताला जखम असेल तर मात्र पट्टी आणि वर मोजा हवाच. पिकलेल्या जखमेतल्या स्टॅफिलोकोकस जंतूचं विष पदार्थ पुन्हा उकळूनही जात नाही.

सॅनिटायझर: कणकेने लडबडलेल्या हातावर तो नीट काम करत नाही, जुलाब-उलट्या लावणाऱ्या नोरोव्हायरसवर तर फारसा चालतच नाही. साबण. संपलं.

'तंदुरुस्त दिसला तर खा' म्हणणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनचं नाव ऐकलेलं नसावं. धडधाकट स्वयंपाकीण, स्वतःला काही त्रास नाही, पण टायफॉइडचे जंतू अंगात. 1907 मध्ये सापडली, स्वयंपाक करणार नाही या अटीवर 1910 मध्ये सुटली, आणि 1915 मध्ये नाव बदलून एका प्रसूती रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पुन्हा सापडली. दिसण्यावर जाऊ नका, तपासणी आणि लस झाली का ते विचारा.

राहता राहिल्या बांगड्या. इथे मेसेज बरोबर आहे, आणि हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय. सैल दागिने नकोत, नकली नखं नकोत, असं अनुसूचीतच आहे. काचेची बांगडी परातीत पिचली तर तुकडा कणकेत शोधणार कसा? मावशीकडे यावरून दोन वर्षांपूर्वी मोठं रामायण झालं. "हात मोकळे ठेवून तवा कसा धरायचा?" असं एकीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं. शेवटी तोडगा निघाला: काचेच्या बांगड्या दाराशी डब्यात, आणि ज्यांना हात मोकळा नको त्यांनी घट्ट बसणारी एकच पाटली घालायची, हात धुताना तिच्याखालीही साबण फिरवायचा. नियमाच्या काटेकोर भाषेत हेही बसेल असं नाही. पण ते काम निदान बायकांशी बोलून झालं.

मी हे सगळं मावशीला फोनवर सांगितलं. तिने निम्मंच ऐकलं आणि काकांना उत्तर टाकून मोकळी झाली: "आमच्याकडे हात धुतात. उद्यापासून डबा नको असेल तर संध्याकाळी सातच्या आत कळवा, त्या हिशोबाने कणीक भिजवते."

सातच्या आत काही आलं नाही. साडेआठला आलं: "उद्या भरली वांगी आहेत का?"