वॉलपेपर? आणि तोही ठाण्याच्या पावसात?

'कमी बजेटमध्ये भिंतींचा कायापालट करायचा तर वॉलपेपर लावा' हे छोट्या हॉटेलांच्या सजावटीवरच्या लेखातलं वाक्य वाचून हसू आलं. नौपाड्यात आम्ही नवरा-बायकोने १८ खुर्च्यांचं छोटं हॉटेल टाकलं तेव्हा नेमकं हेच केलं होतं, वारली चित्रांचा वॉलपेपर. जुलै संपेपर्यंत कडा पापडासारख्या वळल्या, आणि किचनच्या खिडकीपाशी फोडणीच्या धुराने वॉलपेपरवरचा तारपा नाच अख्खा पिवळा पडला. पुसायला जावं तर रंग फडक्याला! शेवटी सगळं खरवडून ४ फुटांपर्यंत टाइल्स लावल्या आणि वर ऑइल पेंट मारला. दिसायला साधंच, पण रात्री साबणाच्या पाण्याने पुसलं की झालं. आधी चांगला एक्झॉस्ट बसवा, हे मात्र लेखात कुठेच नाही.

पिवळसर दिव्यांखाली जेवण जास्त छान दिसतं, हे लेखातलं म्हणणं मात्र शंभर टक्के पटलं. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली आमचा मटण रस्सा आजारी दिसायचा. ३००० चे पिवळसर बल्ब लावले आणि तोच रस्सा लालभडक! खुर्च्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचर बाजारातल्या. दोन अजून डुगडुगतात, त्यावर आम्हीच बसतो.