आवाज त्यांचा, नाक आमचं

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या संस्थेची पाच-सहा मिनिटांची फिल्म तयार आहे, व्हॉइस ओव्हरसाठी आवाजही ठरलाय. तिचा प्रश्न एवढाच, की रेकॉर्डिंगला जाऊन बसू, की स्क्रिप्ट मेल करून मोकळी होऊ? घाईत होते, "जा की, त्यात काय" म्हणून फोन ठेवला. मग रात्रभर चुटपुट लागून राहिली, कारण या दोन्ही प्रकारांनी मी स्वतः तोंडघशी पडलेली आहे.

आधी जाऊन बसल्याची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका दूध संघासाठी आम्ही स्वच्छ दूध उत्पादनावर फिल्म केली. शेतकऱ्यांना दाखवायची, सहा मिनिटांची. आवाज द्यायला आकाशवाणीवर बरीच वर्षं निवेदन केलेल्या ताई होत्या. स्टुडिओत आल्या आल्या त्यांनी हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या, घड्याळ काढलं, आणि मला म्हणाल्या, "आज मुद्दाम स्टार्च नसलेली साडी नेसून आलेय. कडक साडी माइकला ऐकू जाते." मग पेन्सिल काढून स्क्रिप्टवर खुणा करत बसल्या. कुठे श्वास, कुठे थांबायचं, कुठला शब्द उचलायचा.

काचेच्या अलीकडे सोफ्यावर आम्ही सहा जण. मी, एडिटर, संघाचे तीन अधिकारी आणि त्यांचे पशुवैद्यक डॉक्टर. काचेपलीकडे बोलायचं, म्हणजे टॉकबॅकचं, बटण एक आणि त्यावर बोटं सहा जणांची.

वाक्य साधं होतं. "धार काढून झाली की अर्धा तास गाईला बसू देऊ नका." ताईंनी वाचलं. एक साहेब म्हणाले, 'अर्धा तास'वर जोर द्या. दिला. दुसरे म्हणाले, जोर 'बसू देऊ नका'वर हवा. तोही दिला. तिसरे म्हणाले, आता मॅडम रागावल्यासारख्या वाटतात. आणि मग मी या सगळ्यावर कडी केली. आमच्या एडिटरनं चित्रं लावून बघायला स्वतःच्या आवाजात कच्चा ट्रॅक भरून ठेवला होता. तो मी ताईंना ऐकवला, वर म्हणाले, "साधारण असं." आमचा एडिटर साताऱ्याकडचा, त्याच्या बोलण्याला गावाकडचा गोड हेल आहे आणि महिनाभर तोच आवाज ऐकून आमच्या कानांना त्याची सवय झालेली. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "छान बोललाय. मग यालाच का नाही घेतलं?"

काचेपलीकडून आलेला तो प्रश्न अजून आठवतो. बोलणं बरोबर होतं त्यांचं. आम्ही पैसे त्यांच्या आवाजाचे देत होतो आणि मागत होतो दुसऱ्याची नक्कल.

सुटका केली ती कोपऱ्यात गप्प बसलेल्या डॉक्टरांनी. ते उठले, बटण दाबलं आणि कसं वाचा ते सांगितलंच नाही. म्हणाले, "ताई, धार काढल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धाएक तास उघडंच राहतं. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली तर जंतू सरळ आत जातात आणि कासदाह होतो. म्हणून धार झाली की पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे ती खात उभी राहते." पलीकडून "अस्सं होय!" एवढंच ऐकू आलं. पुढच्या टेकला ताईंनी ते वाक्य असं म्हटलं, जणू शेजारच्या गोठ्यातली जाणती बाई भिंतीवरून सांगतेय. जोर कुठल्याच शब्दावर नव्हता. फिल्ममध्ये तेच आहे.

त्या दिवसापासून मी चाल सांगणं बंद केलं. वाक्यामागचं कारण तेवढं सांगते. कोणासाठी आहे, ऐकणारा तेव्हा काय करत असेल, हे वाक्य नाही ऐकलं तर त्याचं काय बिघडेल. आवाज काढायची विद्या त्यांची, गोठा मात्र आपल्याला माहीत. (अर्थात अर्थच उलटा लागत असेल तर मी बटण दाबतेच. तिथे भीड नाही.)

आता दुसरी गोष्ट, मोकळं होण्याची. वरच्या प्रकारानं पोळल्यामुळे पुढच्या फिल्मला मी शहाणपणा केला. लॉकडाऊननंतर बऱ्याच कलाकारांनी घरीच बूथ करून घेतलेत, कोणी तर चक्क कपड्यांच्या कपाटात माइक लावलाय. तशाच एका मुंबईच्या तरुण कलाकाराला स्क्रिप्ट मेल केली. दुसऱ्या दिवशी वेव्ह फाइल हजर. आवाज खणखणीत, मागे टाचणीचाही आवाज नाही. ऐकली, आवडली, लावून टाकली. म्हणजे ऐकली असं म्हणायचं. खरं तर आवाज ऐकला, शब्द ऐकले नाहीत.

गावात पहिल्यांदा दाखवली. "गाय व्यायल्यावर जार वेळेत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा," हे वाक्य आलं आणि मागच्या रांगेत हशा पिकला. व्यायल्यावर पडते त्या वारेला जार म्हणतात, त्यातला ज 'जरा'मधला. पोरानं वाचला लोणच्याच्या बरणीसारखा, इंग्रजी जार. एक आजोबा म्हणाले, "प्लास्टिकची का काचेची?" पुढची चार मिनिटं कोणी ऐकली असतील असं मला वाटत नाही.

त्यात त्या मुलाची चूक काय? लिहिताना दोन्ही ज सारखेच. 'जात पडताळणी'तली जात आणि 'गावाला जात आहे'मधलं जात कागदावर एकच दिसतं. मराठीत वाढलेला माणूस संदर्भावरून ओळखतो, पण त्यासाठी तो शब्द कधीतरी कानावर पडलेला असावा लागतो. (एआयचा आवाज घ्या, हवे तितके टेक देतो, असं सांगणाऱ्यांना मी हीच दोन वाक्यं वाचून घ्यायला सांगते.)

म्हणून आता माझं नाक जे काही खुपसायचं ते रेकॉर्डिंगच्या आधी. स्क्रिप्टसोबत शब्दांची यादी जाते, आणि अडचणीचे शब्द मी स्वतः बोलून व्हॉइस नोटवर पाठवते. १९:१९:१९ हे खताचं नाव कसं वाचायचं, ०.५ टक्के म्हणजे 'अर्धा टक्का' म्हणायचं की दशांश, हे सगळं त्यात. शब्दही मोजते. मिनिटाला ११०-१२० शब्द निवांत बसतात. साहेबांनी १६० कोंबले असतील तर कापायचं मला, पळवायचं आवाज देणाऱ्याला नाही.

आणि भाषा. ऑफिसातून येतं, "दोहनापूर्वी कास कोमट पाण्याने स्वच्छ धुवावी." माइकसमोर गेल्यावर ताई विचारणार, असंच वाचू की बोलू? मग 'पाण्याने' की 'पाण्यानं' यावर सोफ्यावर परिसंवाद, आणि स्टुडिओचं मीटर तासावर चालू. ते भांडण मी आदल्या आठवड्यात उरकून घेते. "धार काढायच्या आधी कास कोमट पाण्यानं धुवून घ्या." सही घेते साहेबांची त्यावर.

पैशाचंही आधीच. वाचण्यात चूक झाली तर कलाकार विनामूल्य पुन्हा भरून देतात. आपण स्क्रिप्ट बदलली तर पुन्हा पैसे, कुरकुर न करता. हल्ली आणखी एक ओळ घालते, की या रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल तयार करणार नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली, पण आमच्या ताई कोर्टात कुठून जाणार? कागदावर असलेलं बरं.

एवढं झालं की प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला मी जाते, किंवा झूमवर बसते, आणि बहुतेक वेळ गप्प असते. पहिलं पान सलग वाचू देते, मध्ये तोडत नाही. दुसरा कोणी काही म्हणाला तर माझ्या वहीत लिहितो, बटण फक्त माझ्याकडे.

तर मैत्रिणी, जा. यादी आजच पाठव. आणि तुझ्या अध्यक्षांना "आम्हीही येतो" म्हणाले तर सांग, स्टुडिओतला सोफा दोघांचाच आहे. मीही माझ्या पुढच्या रेकॉर्डिंगसाठी आमच्या साहेबांना हेच सांगितलंय. ते म्हणाले, "आम्ही उभे राहू."