‘पीस खराब निघाला, साहेब’

नाही. पीस, म्हणजे तुम्ही बसवलेला एसी कंप्रेसर, चांगला होता. मारला तुम्ही.

१५ वर्षं जुन्या गाडीचा एसी कंप्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) बंद पडला की गॅरेजातला कार्यक्रम ठरलेला. बेल्ट काढा, बोल्ट खोला, दोन पाइप सोडवा, कुर्ल्याच्या भंगारातला ‘रिकंडिशन’ पीस चढवा, गॅस मारा, पैसे घ्या. दोन तासांत डॅशबोर्डातून गार वारा आणि गिऱ्हाईक खूश. मग ऐन मे महिन्यात, सिग्नलला उभं असताना, पुन्हा तीच खडखड. आणि वर मेकॅनिकचं हे वाक्य, ‘पीस खराब निघाला, साहेब’!

अरे, पहिला कंप्रेसर आतून झिजून गेला तेव्हा त्याचा चुरा काय हवेत विरला? जुना पीस उलटा करून तेल पांढऱ्या कागदावर ओता. स्वच्छ, पिवळसर आलं तर नशीब. काळंकुट्ट असेल आणि बोटांत चोळल्यावर चंदेरी चमक दिसली, तर तोच ॲल्युमिनियमचा भुगा कंडेन्सरमध्ये (गॅस थंड करणारी पुढची जाळी) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलआधीचं बारीक भोक) तोंडाशी बसलाय. नवा कंप्रेसर पहिल्या दिवसापासून तो गिळणार. पॅरलल फ्लो, म्हणजे शेजारी शेजारी चपट्या नळ्यांच्या, कंडेन्सरमधली भोकं इतकी बारीक असतात की फ्लशिंगने, म्हणजे आतून धुऊन, भुगा सगळा निघत नाही. तो कंडेन्सर बदलायचाच, एक्स्पान्शन व्हॉल्व्हसुद्धा. पाइप आणि कूलिंग कॉइल फ्लश होतात, पण एसीसाठीच्या फ्लश द्रवाने, आणि नंतर कोरड्या नायट्रोजनने फुंकून. काही महाभाग रॉकेल ओततात आणि टायरच्या हवेच्या नळीने फुंकतात. म्हणजे भुगा तिथेच, वर रॉकेल आणि हवेतलं पाणी फुकट.

पाण्यावरून आठवलं, ड्रायर. कंप्रेसरच्या मानाने किरकोळ किमतीची वस्तू, तरी ‘जुना चालेल हो’. कसा चालेल? आतले दाणे ओल शोषायलाच असतात. सिस्टिम उघडी राहिली की हवेतली ओल पिऊन ते आधीच भरून बसतात. मग पाणी व्हॉल्व्हमध्ये गोठतं, तेलात मिसळून आम्ल तयार करतं. बऱ्याच गाड्यांत ड्रायरची वेगळी बाटलीच नसते, दाण्यांची पिशवी कंडेन्सरच्या कडेच्या नळीत असते. म्हणून ‘या गाडीला ड्रायरच नाही’ असं छातीठोक सांगणारेही भेटतात.

तेलाचं तर कुणाला सोयरसुतकच नाही. पीएजी (एसी कंप्रेसरचं तेल) ४६ की १००, म्हणजे पातळ की घट्ट, हे कंप्रेसरवर लिहिलेलं असतं, वाचा ना! नव्या पिसात बहुतेक वेळा तेल भरलेलं येतं. जुन्यातून किती निघालं ते मोजून हिशेब जुळवायचा, कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली वाढवायचं. कमी पडलं तर कंप्रेसर जाम, जास्त झालं तर कूलिंग जातं. ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, प्रत्येक जोडावर नवी, हिरवी, तेलात बुडवून.

आणि व्हॅक्यूम, म्हणजे गॅस भरण्याआधी आतली हवा आणि ओल ओढून काढणं! फ्रिजच्या जुन्या कंप्रेसरने दहा मिनिटं घरघर करायची, झालं. नीट पंपाने ३० ते ४५ मिनिटं ओढायला हवं, मग व्हॉल्व्ह बंद करून २० मिनिटं नुसतं प्रेशर गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा वर सरकला की लीक तरी आहे नाहीतर आत ओल तरी उरलीय, गॅस भरायचाच नाही. पण बघत बसायला वेळ कुणाला?

किराणावाला १०० ग्रॅम डाळसुद्धा काट्यावर तोलतो. एसीवाला मात्र पाइपाला हात लावून ‘गार आला, बास’ म्हणतो! बॉनेटखालच्या स्टिकरवर ४५० ग्रॅम लिहिलंय तर ४५०च, सहाशे नाही. जादा गॅस म्हणजे जादा प्रेशर, आणि त्याचा मार कंप्रेसरवर.

बरं, मूळ रोग तरी शोधलात का? कंडेन्सरचा फॅन फिरत नसेल किंवा जाळीत चिखल साचला असेल, तर ट्रॅफिकमध्ये हाय साइडचा, म्हणजे कंप्रेसरनंतरच्या जादा दाबाच्या बाजूचा, काटा ३०० पीएसआयच्या (दाबाचं माप) पार जातो. फॅनचा रिले (विजेचा स्विच) तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन चालू करण्याआधी कंप्रेसरच्या क्लचची पुढची प्लेट हाताने आठ-दहा फेरे फिरवायला तर एकच. तेही नाही. आत साचलेलं तेल एकदम दाबलं जातं आणि नवाकोरा पीस पहिल्याच स्टार्टला दणका खातो.

बिलावर काय, तर ‘एसी काम पूर्ण’. पूर्ण म्हणजे किती ग्रॅम, किती मिली, ते लिहा की त्यावर!