वादळानंतर रान ‘साफ’ करण्याचा सल्ला: एक प्रतिवाद

मे महिना सरत आला आणि अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की कोकणातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक जुना संदेश पुन्हा फिरू लागतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले, त्यानंतरच्या आठवड्यात तो मला पहिल्यांदा आला. पुढच्या मे महिन्यात तौक्तेच्या वेळी तोच मजकूर नुसते वादळाचे नाव बदलून आला. त्याचा आशय असा: आडवे झालेले झाड मेलेच समजावे, महिन्याभरात रान साफ केले नाही तर कीड उभ्या झाडांत शिरते, म्हणून जेसीबीने खुंट उपटून फांद्या जाळाव्यात, वाऱ्याने पडलेल्या झाडाला परवानगी लागत नसल्यामुळे लाकूड मिळेल त्या भावाने विकावे, आणि त्याच पावसात लवकर वाढणारी झाडे लावून मोकळे व्हावे. मंडणगड तालुक्यातल्या आमच्या सामाईक वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर ऐन, किंजळ, जांभूळ, काजू आणि काही रायवळ (कोयीपासून वाढलेले) आंबे असे मिश्र रान आहे, आणि निसर्गच्या तडाख्यानंतर यातल्या काही गोष्टी आम्ही केल्या, काही आळसामुळे राहून गेल्या. राहून गेल्या तिथेच रान अधिक चांगले सावरले, हे कबूल करून पुढचे लिहितो.

आडवे झाड म्हणजे मेलेले झाड, हा दावा नारळ आणि सुपारीपुरता बराचसा खरा आहे. माडाला, म्हणजे नारळाच्या झाडाला, वाढीचा कोंब एकच असतो. शेंडा मोडला की त्याला दुसरा फुटवा येत नाही आणि खोडावरची जखमही भरून येत नाही, त्यामुळे शेंडा तुटलेला माड ठेवण्यात अर्थ नसतो. नुसता कललेला माड मात्र पुढे वाकडा का होईना, वर चढतो. ऐन, किंजळ, जांभूळ, साग, खैर, काजू यांची गोष्ट अगदी निराळी आहे, कारण या झाडांच्या सालीखाली सुप्त डोळे असतात आणि खोड मोडले तरी बुंधा जिवंत राहतो. मोडलेला बुंधा जमिनीलगत, किंचित उतरता आणि गुळगुळीत कापला, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही, आणि त्याच पावसाळ्यात त्याला फुटव्यांचा झुपका येतो. दुसऱ्या वर्षी त्यातले दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे काढले, की जुन्या मुळांच्या बळावर ते इतके झपाट्याने वाढतात, की शेजारी लावलेले रोप त्यांच्यापुढे खुजे दिसते. आमच्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, कवळ (झाडांच्या पानाळ फांद्या) तोडणाऱ्या पिढ्यांनी हे शतकानुशतके पाहिलेले आहे; संदेश लिहिणाऱ्याने बहुधा पाहिलेले नसावे.

मुळासकट कललेल्या आंब्या-फणसाबाबत निर्णय मुळे पाहून घ्यावा. अर्धी मुळे जमिनीत असतील आणि झाड फार जुने नसेल, तर उघड्या मुळांवर त्याच दिवशी ओली गोणपाटे टाकावीत, फांद्यांचा भार निम्म्याहून कमी करावा, मग झाड हळूहळू उभे करून टेकू द्यावा आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. जुना, अवाढव्य रायवळ उभा करण्याच्या भरीस पडू नये. त्याला आहे तसा आडवाच ठेवून वरच्या बाजूने फुटू द्यावे. याच दाव्याला जोडून आणखी एक गैरसमज पसरतो, तो करपलेल्या पानांचा. खाऱ्या वाऱ्याने समुद्राकडच्या बाजूची पाने तांबूस होऊन गळतात आणि सबंध झाड जळाल्यासारखे दिसते. अशा वेळी फांदीची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवे आणि ओलसर असेल तर झाड जिवंत आहे. आमच्या बांधावरच्या एका जांभळावर मी जून महिन्यात कोयता उगारला होता, आणि चुलत्यांनी नखाने साल काढून दाखवली म्हणून ते वाचले.

किडीचा दावा या संदेशातला सर्वांत चलाख भाग आहे, कारण त्यात तथ्य आहे. गेंड्या भुंगा कुजणाऱ्या माडाच्या खोडात आणि शेणखताच्या खड्ड्यात अंडी घालतो, त्याच्या अळ्या तिथे पोसतात आणि बाहेर पडलेला भुंगा उभ्या माडाचा कोवळा शेंडा पोखरतो; पाने उलगडल्यावर दिसणारे त्रिकोणी काप ही त्याचीच खूण. म्हणून आगरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) पडलेली माडाची खोडे फोडून, वाळवून हलवलीच पाहिजेत, आणि खताच्या खड्ड्यात या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी घालणे शहाणपणाचे आहे. पण या भुंग्याला ऐनाच्या पडलेल्या खोडाशी काही देणेघेणे नाही. आंब्याला लागणारे भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, दुबळ्या, जखमी पण उभ्या असलेल्या झाडातही शिरते, तेव्हा आपली नजर तिथे हवी: बुंध्याशी भुसा पडलेला दिसला, की भोक शोधून तारेने अळी काढायची. सगळे रान मोकळे केल्याने हे काम टळत नाही. उलट राबत्या माणसांचे हात वखारीच्या ट्रका भरण्यात गुंततात आणि भुसा कोणी पाहत नाही.

जेसीबीचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. जून-जुलैत जांभ्याच्या उतारावर यंत्र चढवले, की वितीभर मातीचा जो थर असतो तो चाकांखाली दबतो किंवा खुंटासोबत उपटला जातो, आणि हजारो मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात तो पुढच्या सरीत वहाळाला (ओढ्याला) लागतो. फांद्या उतारावर आडव्या रचल्या तर त्याच माती धरतात; जाळल्या तर राख पहिल्या पावसात वाहून जाते. मुळासकट उलटलेल्या झाडाखालचा खड्डाही बुजवण्याची घाई नको, कारण तिथे ओल टिकते आणि बी रुजते.

याच ठिकाणी संदेशात जे मुळीच नाही ते सांगणे भाग आहे. उलटलेल्या झाडाचे खोड कापले, की मातीसकट उभी राहिलेली मुळांची भिंत एकदम मागे, आपल्या खड्ड्यात आपटते. तिच्या मागे कोणी उभे असेल तर सुटकेला वेळ मिळत नाही. वाकून ताणलेले खोड तर धनुष्यासारखे असते. त्याला आधी दबलेल्या बाजूने थोडा काप द्यायचा, मगच ताणाच्या बाजूने कापायचे, आणि कापणाऱ्याने कधीही ताण सुटण्याच्या दिशेला उभे राहायचे नाही. चेन-सॉ भाड्याने मिळते म्हणून ती चालवता येते असे नाही.

लाकडाबद्दलची घाई कोणाच्या फायद्याची आहे, हे ज्याने त्याने ताडावे. वादळानंतर सबंध तालुका एकाच वेळी विकायला निघतो आणि भाव पडतो. आंबा, सावर अशी मऊ लाकडे पावसात लवकर खराब होतात, ती आधी चिरून घ्यावीत. साग, ऐन, किंजळ यांची नार (खोडाचा आतला गाभा) टिकाऊ असते, आणि ओंडके जमिनीपासून उचलून, आडोशाला रचून ठेवले तर एक पावसाळा सहज निघतो. परवानगीचे म्हणाल, तर आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. झाड वाऱ्याने पडले असले, तरी लाकूड गाडीत भरून नेण्याचा प्रश्न वेगळा उरतो आणि नाक्यावर वाऱ्याची साक्ष चालत नाही. म्हणून कापण्यापूर्वी फोटो, तलाठ्याचा पंचनामा आणि वन विभागाकडे अर्ज, हा क्रम मोडू नये. नुकसानभरपाईलाही तोच पंचनामा लागतो, आणि साफ केलेल्या रानाचा पंचनामा करता येत नाही.

राहता राहिली त्याच पावसातली लागवड. ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर हिरवा दिसतो, पण तिच्याखाली गुराला तोंड घालायला काही मिळत नाही आणि तिच्या जाड पाचोळ्यातून गवतही नीट वर येत नाही. आम्ही पहिल्या वर्षी काहीच लावले नाही, फक्त गुरे आत येऊ नयेत म्हणून गडगा (दगडी कुंपण) दुरुस्त केला आणि फुटव्यांभोवतीची वेलांची जाळी कोयत्याने सोडवली. दुसऱ्या पावसात, जिथे ना फुटवा होता ना बियाण्याचे रोप, तेवढ्याच मोकळ्या जागी काजूची कलमे घातली.