प्रतिक्रियेला उत्तर : कटऑफ ३.३ व्होल्टलाच का?

माझ्या लेखातलं यंत्र ईएसपी३२ वर (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) आणि एका १८६५० सेलवर (पुन्हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल) चालतं, आणि सेल ३.३ व्होल्टला आला की कोड त्याला बंद करतो; हाच कटऑफ. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सेलच्या डेटाशीटवर २.५ व्होल्ट छापलेलं असताना ईएसपी३२ ला ३.३ वरच झोपवणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं. शिवाय टीपी४०५६ च्या चार्जिंग बोर्डावर संरक्षण आहेच, मग कोडमध्ये वेगळा कटऑफ कशाला? आणि तुमच्याकडे तर मल्टिमीटर सेलवर ३.४ दाखवत असतानाच यंत्र बंद होतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक लेखाची आहे. त्या कोडमध्ये व्होल्टेज वायफाय सुरू झाल्यावर, तेही एकदाच मोजलंय. पाठवताना रेडिओ ३५० मिलिअँपिअरच्या आसपास झटके ओढतो. सेलचा इंटर्नल रेझिस्टन्स, संरक्षणाचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), होल्डरच्या पत्र्या आणि वायर मिळून पाव ओहम धरला तरी ९० मिलिव्होल्ट वाटेतच जातात. म्हणून कोडला ३.३ दिसतं तेव्हा सेल ३.४ च्या जवळपास असतो.

दुरुस्ती अशी: जाग आल्याबरोबर, वायफायच्या आधी, जीपीआयओ ३४ या पिनवर १६ वेळा मोजून सरासरी काढा. सलग तीन वेळा जाग आल्यावर ३.३ च्या खाली दिसलं तरच बंद करा. किती वेळा खाली दिसलं हा आकडा आरटीसी मेमरीत ठेवा, नाहीतर डीप स्लीपमध्ये (चिपच्या गाढ झोपेत) पुसला जातो. बंद झाल्यावर दर सहा तासांनी फक्त व्होल्टेज बघायला उठवा आणि ३.६ च्या वर गेल्याशिवाय वायफाय लावू नका. भार काढला की सेल आपोआप थोडा वर येतो. हे अंतर ठेवलं नाही तर यंत्र चालू-बंद, चालू-बंद करत उरलंसुरलं संपवतं.

डिव्हायडरही (मोजण्यासाठी सेलचं व्होल्टेज निम्मं करणारी रेझिस्टरची जोडी) बदला. १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर भरलेल्या सेलवर सतत २१ मायक्रोअँपिअर खातात. ईएसपी३२ चिप डीप स्लीपमध्ये १० च्या आसपास खाते! ४७० किलोओहमचे दोन लावा, मधल्या बिंदूपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर द्या आणि मल्टिमीटरच्या आकड्याशी ताडून कोडमधला गुणक एकदा बसवून घ्या.

आता ३.३ चं गणित. ईएसपी३२ च्या मॉड्यूलला किमान ३.० व्होल्ट हवेत. सेलचं व्होल्टेज ३.३ वर स्थिर करून देणारा एपी२११२के रेग्युलेटर एवढ्या करंटला साधारण ०.१५ व्होल्ट खातो. ३.३० मधून वाटेतले ०.०९ आणि रेग्युलेटरचे ०.१५ गेले की ३.०६ उरतात. तेच ३.२ वर केलं तर २.९६. यापुढे आणखी घसरलं की सीरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज कमी पडल्याचा) संदेश येतो, रिसेट, पुन्हा वायफाय, पुन्हा रिसेट. मोठा कपॅसिटर लावून हे टळत नाही: ४७० मायक्रोफॅरड एकट्याने ३५० मिलिअँपिअर एक मिलिसेकंद पुरवायला गेला तर ०.७ व्होल्ट खाली येतो. आणि तुमच्या बोर्डावर एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर सगळी चर्चाच फिजूल. तो व्होल्टभर खातो, त्याला सेल थेट जोडायचाच नाही.

वाया किती जातं? हलक्या भारावर ३.३ च्या खाली दहाव्या हिश्शाहूनही कमी चार्ज उरतो. व्होल्टेजचा आलेख तिथे कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो. डेटाशीटवरचे २.५ हे क्षमता मोजण्याच्या चाचणीचं टोक आहे. तिथे पोचलेला सेल महिनाभर तसाच ठेवावा, असं ते सांगत नाही.

टीपी४०५६ च्या बोर्डावरची संरक्षणाची डीडब्ल्यू०१ए चिप २.४ व्होल्टला तोडते. ती घरातल्या एमसीबीसारखी आहे. रोज दिवा घालवायला कोणी एमसीबी पाडत नाही. शिवाय यंत्र ‘आउट’च्या पॅडऐवजी सेलच्या बी प्लस आणि बी मायनसला जोडलेलं असेल (असं वायरिंग सर्रास दिसतं) तर ती वाटेतच नाही.

खरा प्रश्न बंद झाल्यानंतरच्या करंटचा. समजा ३.३ ला १०० मिलिअँपिअर-अवर शिल्लक आहेत. यंत्र १० मायक्रोअँपिअर खात असेल तर ते वर्षाहून जास्त टिकतात. यूएसबी चिप आणि पॉवरचा एलईडी असलेला डेव्हलपमेंट बोर्ड डीप स्लीपमध्येही ५ मिलिअँपिअर खात असेल तर फक्त २० तास. त्यानंतर सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं.

खालचा चार्ज हवाच असेल तर रेग्युलेटरच्या जागी टीपीएस६३०२० सारखा बक-बूस्ट (सेलचं व्होल्टेज वर असो की खाली, स्थिर व्होल्टेज देणारा) लावा आणि कटऑफ ३.० करा. फक्त, सेल उतरतो तसा तो जास्त करंट ओढतो, त्यामुळे वायर जाड आणि होल्डर घट्ट हवा. त्याआधी पॉवरचा एलईडी काढा. त्याच्याजवळचा एक छोटा रेझिस्टर सोल्डरिंग गनने उचलला की झालं.