टाक्यांवरून कलम ठरत नाही
लेखात सांगली भागातल्या बांधावरच्या मारामारीबद्दल 'डोक्याला सात टाके, म्हणजे गंभीर दुखापत' असं लिहिलंय. तसं नसतं. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीचे मोजून आठ प्रकार आहेत. हाड मोडलं, सांधा निखळला, अगदी एक दात तुटला तरी गंभीर. नुसती कातडी फाटली तर बहुधा साधीच. तीव्र वेदना किंवा रोजची कामं बंद, याला पूर्वी २० दिवस लागायचे, आता १५. घटना १ जुलै २०२४ आधीची असेल तर मात्र जुनाच हिशेब. दवाखान्यात नुसतं पडून राहिलेले दिवस यात धरत नाहीत, हे अनेकांना पटत नाही! एक्स-रेशिवाय 'फ्रॅक्चर' लिहिलेला दाखला उलटतपासणीत लटपटतो. आणि ऊसतोडीचा कोयता चालवला असेल, तर साध्या जखमेलाही घातक हत्याराने दुखापतीचं कलम ११८(१) लागतं, कैद तीन वर्षांपर्यंत.