टिपूचं रॉकेट आणि आपला अभिमान

दिवाळी जवळ आली की आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपवर तो मेसेज फिरतोच: रॉकेट टिपूने शोधलं, इंग्रजांनी चोरलं, नासाने नाव कमावलं. मला हे अर्धंच पटतं.

दारूचे बाण, म्हणजे रॉकेटंच, चीनमध्ये तेराव्या शतकातच होते. आपल्याकडेही अनेक फौजा ते वापरायच्या, मराठ्यांची फौजसुद्धा. म्हैसूरकरांची, म्हणजे हैदर आणि टिपूच्या फौजेची करामत वेगळी. त्यांनी नळी लोखंडाची केली. कागदाच्या नाहीतर बांबूच्या नळीत दारू फार ठासली की नळीच फुटते. लोखंड दाब सोसतं, वायू जोरात मागे सुटतो आणि बाण किलोमीटरभर, कधी त्याहून लांब जातो. 1780 साली तमिळनाडूतल्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी या बाणांचा मार खाल्ला.

इथवर छाती फुगवायला माझी हरकत नाही. पण 1799 साली टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण पडली, बाण लंडनजवळ वुलविचच्या शस्त्रागारात गेले, आणि तिथे विल्यम कॉन्ग्रीव्ह या इंग्रजाने दारूचं प्रमाण बदलून पाहिलं, नळ्यांची मापं ठरवली, पल्ला मोजला, सगळं लिहून ठेवलं. 1807 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात कोपनहेगन जळलं त्यात या रॉकेटांचाही हात होता. याला नुसती चोरी म्हणून मोकळं होणं म्हणजे पळवाट आहे. मोजायचं काम त्याने केलं, आपण नाही.

पटत नसेल तर दिवाळीच्या पाडव्याला इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याला जाऊन या. हिंगोट नावाच्या रानझाडाचं वाळकं फळ पोखरायचं, दारू भरायची, बांबूची काडी बांधायची, पेटवून समोरच्या गावच्या माणसांवर फेकायचं. रॉकेटच आहे ते! पण कुठे वळेल हे फेकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पिढ्यान्पिढ्या तेच फळ, तीच काडी. (माणसं भाजतात, त्यावर पुन्हा कधीतरी भांडू.)

मला अभिमान वाटतो तो 10 ऑगस्ट 1979 चा. त्या दिवशी एसएलव्ही-3, उपग्रह सोडण्यासाठी आपण बनवलेलं पहिलं रॉकेट, बंगालच्या उपसागरात पडलं. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठी लागणारं नायट्रिक आम्ल झडप अडकल्यामुळे आधीच गळून गेलं होतं. हे शोधून काढलं, सुधारलं, आणि 18 जुलै 1980 ला 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. पुढे त्याच्यानंतरचं रॉकेट एएसएलव्ही 1987 आणि 1988 मध्ये लागोपाठ दोनदा पडलं. त्याहून मोठ्या पीएसएलव्हीचं 1993 चं पहिलं उड्डाणही फसलं, त्यात सॉफ्टवेअरची चूक निघाली. पुढच्याच वर्षी ते यशस्वी झालं. प्रत्येक वेळी बिघाड कुठला, ते शोधूनच पुढचं रॉकेट उभं राहिलं.

आणि आपल्या मंडळांच्या व्याख्यानमालेत शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आठवतात ते फक्त मान्सूनच्या अंदाजासाठी. केरळात थुंब्याच्या रॉकेट केंद्रात घन इंधनाचं काम उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता, पुढे ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालकही झाले. घन इंधनाचा प्रश्न शेवटी म्हैसूरच्या नळीचाच: इंधनात बारीक चीर राहिली तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो, कवच फुटतं. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात असं सुमारे 138 टन इंधन भरतात, आणि आत चीर किंवा पोकळी राहिलेली नाही ना, हे उड्डाणाआधी तपासतात. त्या तपासणीवर एक मेसेज लिहून फिरवा की कोणीतरी, मी सगळ्या ग्रुपांवर फॉरवर्ड करीन.